पोरींची लीग, बायांची भिशी

शालेय स्पर्धेत हरायला फार वेळ लागत नाही. हरण्यासाठी पात्र व्हायला मात्र बराच लागतो. मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ जिल्हा स्पर्धेला न्यायचा म्हणजे आधी बोनाफाईड, मग जन्माचा दाखला, मग ओळखपत्र, त्यावर फोटो आणि फोटोवर मुख्याध्यापकांचा शिक्का असा, की मुलीचं नाक कुठं संपतं आणि शाळेचं नाव कुठं सुरू होतं ते कळू नये. मग पालकांचं संमतिपत्र. मग ते संमतिपत्र घरी विसरलेल्या पोरीच्या बापाला फोन. एवढं सगळं जमवून संघ मैदानात उतरतो, समोरचा संघ जरा बरा निघतो आणि डबे उघडायच्या आत वर्षभराचा खेळ आटोपतो. राइट फील्डला उभी केलेली मुलगी परतीच्या ऑटोत म्हणते, "सर, माह्याकडं एकबी बॉल आला नाही." सर म्हणतात, "येईन बेटा, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी ती चौदा वर्षांखालच्या गटातून सतराच्या गटात जाते, तिथे आधीच मोठ्या पोरींनी जागा धरलेल्या असतात, आणि त्या बॉलचं येणं आणखी लांबतं.

यात कुणाची लबाडी नाही. रचनाच तशी आहे. जिल्ह्यात जिंकलात तर विभाग, म्हणजे आपल्यासाठी अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ. तिथून राज्य, जिथे असे आठ विभाग जमतात. तिथून राष्ट्रीय. आणि हे सगळं बहुधा बाद पद्धतीनं. बाद पद्धतीचं गणित साधं आहे: सहा संघ असतील तर एकूण सामने पाच, आणि बऱ्याच संघांचा मोसम एका सामन्यात खलास. तेच सहा संघ साखळीत खेळवले तर सामने होतात पंधरा, दोनदा साखळी फिरवली तर तीस. एका रविवारी तीन सामने धरले, तर दहा रविवार. दिवाळी संपल्यावर सुरू केलं तर दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आधी संपतं, आणि सगळ्यात रद्दड संघालाही दहा वेळा हरायची संधी मिळते. जिंकणाऱ्यांची सोय सरकार करतं. हरणाऱ्यांना दहा रविवार मैदानावर आणण्याचा उद्योग मात्र कुठल्याच खात्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही. तो करायला बिनपगारी माणसं लागतात. प्रश्न एवढाच, की अकोल्याच्या जुन्या शहरात ती आहेत का? आहेत, असं या लेखाचं म्हणणं आहे. फक्त ती आपण ज्या चौकात शोधतो त्या चौकात नाहीत.

आधी जिथं हा प्रकार रुळलेला आहे तिथलं पाहू. सॉफ्टबॉलचा जन्मच मुळी रिकाम्या माणसांच्या हातून झाला. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात मंडळी येल-हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमली होती. निकाल आला, येल जिंकलं, त्या आनंदात एकानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्यावर फेकला आणि दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी तो ग्लोव्ह दोरीनं बांधून चेंडू केला, दिवाणखान्यातच रेघा आखल्या, आणि सामना म्हणे ४१ विरुद्ध ४० असा सुटला. पुढे पोरांच्या बेसबॉलच्या लीग निघाल्या, त्यातली एक लिटल लीग. त्यात मुलींना येऊ द्यावं की नाही यावर बरीच वर्षं खल चालला. न्यू जर्सीतल्या होबोकनच्या एका मुलीला १९७२ साली तीन सामन्यांनंतर घरी बसवलं, प्रकरण कोर्टकचेरीत गेलं, आणि १९७४ साली लिटल लीगनं दार उघडलं. त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉलचा वेगळा कार्यक्रमही सुरू केला. आता त्याच न्यू जर्सीत मराठी घरांतल्या मुली शनिवारी सकाळी हेल्मेट घालून निघतात आणि आईबाप मागून खुर्च्या, छत्री, बर्फाची पेटी अशी बिऱ्हाडाची बिऱ्हाडं घेऊन जातात.

त्या लीगचं पोट उघडून पाहिलं तर आत खेळ थोडा आणि पाळ्या फार. मैदानाच्या रेघा कुणाचा तरी बाप मारतो. पहिल्या बेसवर कुणाची तरी आई उभी असते. वडापावच्या गाडीसारखी एक खिडकी असते, तिथे पालक पाळीपाळीनं खाऊ विकतात आणि त्यातून बॅटांचे पैसे निघतात. टीशर्टाच्या पाठीवर गावातल्या दंतवैद्याचं नाव असतं. बऱ्याच ठिकाणी पालकांकडून आधीच अनामत घेतात: ठरलेले तास काम केलं तर परत, नाही केलं तर जप्त. काही पालक पहिल्याच दिवशी सांगतात, "अनामत ठेवून घ्या आणि आमचं नाव घेऊ नका." वर्गणीची पावती फाडून आरतीतून सुटणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हे ऐकून परक्या देशात घरच्यासारखं वाटावं. संघ वाटायचा दिवस तर बघण्यासारखा. मुलींची चाचणी होते, प्रशिक्षक आलटूनपालटून मुली निवडतात, पण प्रशिक्षकाची स्वतःची मुलगी त्याच्याच संघात. मग पिचिंग कोण करणार यावर सगळा मोसम कुजबुज चालते. "त्यांची लेक आहे ना, ती चेंडू आकाशात टाकेल तरी तीच टाकेल." प्रशिक्षकाला विचारावं तर तो म्हणतो, "तुम्ही या ना पुढच्या वर्षी शिकवायला." एवढ्यावर कुजबुज थांबते.

पण या सगळ्या गोंधळात दोन नियम असे आहेत, की त्यांच्यासाठी सॉफ्टबॉलला शंभर गुन्हे माफ. एक म्हणजे लहान वयाच्या बऱ्याच लीगमध्ये आलेली प्रत्येक मुलगी ओळीनं बॅटिंग करते. नऊ खेळाडू आत आणि बाकीच्या बाकावर असं नाही. बारा आल्या तर बाराजणी. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये धाकट्या बहिणीला कच्चा लिंबू करून नालीतला बॉल काढायला ठेवतात, त्या पार्श्वभूमीवर ही क्रांतीच म्हणायची. दुसरा म्हणजे एका डावात ठरावीक धावा, बहुधा पाच, झाल्या की बाजू बदलायची. समोरची पिचर रडकुंडीला आली तरी धुलाईला हद्द आहे. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातही पाच डावांनंतर सात धावांचा फरक पडला की खेळ तिथेच थांबवतात. आपल्या लग्नातल्या भाषणांना असा नियम लावायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

आता जुन्या शहराकडे येऊ. स्वयंसेवकांचा तुटवडा आहे असं जुन्या शहरात कुणी म्हणालं तर त्याला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी जयहिंद चौकात उभं करावं. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन, सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालून, शेकडो भरण्यांच्या कावडी राजराजेश्वराला येतात. रस्ताभर चहा, केळी, फराळ आणि पाय दाबून देणारे. कुणालाही मस्टरवर सही करावी लागत नाही. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशाच खांद्यांवर उभं राहिलं आणि १९३६ साली बर्लिनला जाऊन तिथल्या लोकांना हुतूतू दाखवून आलं. तेव्हा वऱ्हाडाला फुकट राबता येत नाही हा आरोप टिकत नाही. टिकतो तो दुसरा. २०१८ च्या जानेवारीत मोर्णा नदी साफ करायला हजारो अकोलेकर उतरले. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. अख्खं गाव कृतकृत्य झालं. जलपर्णीनं मात्र 'मन की बात' ऐकलेली नव्हती, ती आपली नेहमीच्या वेळेला उगवत राहिली. आपला स्वयंसेवक एका दिवसाचा वाघ आहे. त्याला ढोल, फेटा, फोटो आणि खांदा मोडेल एवढं वजन द्या, तो हसत उचलेल. त्याच माणसाला सांगा, "भाऊ, दहा रविवार सकाळी साडेसहाला येऊन बेस ठेवायचे." तो म्हणेल, "हाव ना, येतो ना," आणि दुसऱ्या रविवारपासून त्याचा फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' जाईल. जुन्या शहरातला डाबकी रोड कुठल्याच कंपनीच्या संपर्क क्षेत्राबाहेर नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे.

म्हणून असली लीग मंडळाकडे सोपवली की पहिल्या बैठकीत कार्याध्यक्ष, दुसरीत सहकार्याध्यक्ष आणि तिसरीत दोन लीग तयार होतात. नियमितपणा हवा असेल तर जुन्या शहरात एकच संस्था आहे जी वर्षानुवर्षं, महिन्याच्या ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी, हजेरी पटाशिवाय शंभर टक्के उपस्थितीत भरते: बायांची भिशी. तिला अध्यक्ष नाही, घटना नाही, नोंदणी क्रमांक नाही, उद्घाटक तर नाहीच. आहे ती एक वही, एक डबा आणि त्यातल्या चिठ्ठ्या. पैसे उशिरा आले तर दंड, आणि दंडापेक्षा भयंकर म्हणजे बाकी अकराजणींची नजर. "काहून वो, मागच्या खेपीले विसरली होतीस ना?" हे वाक्य एकदा ऐकलेली बाई पुढच्या महिन्यात आधल्या दिवशी पैसे आणून देते. घरात पाहुणे असोत, नळाला पाणी असो-नसो, सासूबाईंचं पथ्य असो, भिशी चुकत नाही. क्रीडा प्रशासनातल्या कुठल्याही परिषदेनं अभ्यासावी अशी ही शिस्त पोह्यांच्या वासात झाकली गेली आहे.

भिशीच्या हाती लीग दिली की अमेरिकेत न सुटलेले प्रश्न इथे बसल्या जागी सुटतात. संघवाटपाचंच घ्या. तिथे चाचण्या, निवड आणि कुजबुज. इथे डब्यात सत्तर चिठ्ठ्या, एका लहान पोरीचा हात आणि सहा वाट्या. कुणाची लेक कुठल्या संघात हे चिठ्ठी ठरवणार, आणि चिठ्ठीशी भांडायची पद्धत भिशीत नाही. अनामतीचा नियम तर यांच्या रक्तातच आहे. पावती फाडून सुटणारी मात्र इथे सापडणार नाही, कारण सुटलेली बाई संध्याकाळी त्याच ओट्यावर भेटते. खाऊच्या पाळीबद्दल बोलायलाच नको. तिकडे पाकिटातली बिस्किटं वाटतात, इकडे जयहिंद चौक विरुद्ध हरिहर पेठ सामन्यापेक्षा जयहिंद चौकाची आलुबोंडी विरुद्ध हरिहर पेठेची गोळाभाजी हा सामना जास्त रंगेल आणि त्यात पाच धावांची मर्यादा कुणी पाळणार नाही. ग्लोव्हचा खर्च मोठा, हे खरं. पण ग्लोव्ह क्षेत्ररक्षण करणारीलाच लागतो. बाजू बदलली की काढून समोरच्या पोरीच्या हातात द्यायचा. दोन संघांना मिळून नऊ पुरतात. डावखुरी पोरगी तेवढी अडते. तिच्यासाठी दहावा घ्यावा आणि तो कुणाकडे ठेवायचा यावर भिशीची पूर्ण एक बैठक खर्च करावी.

यावर पहिला आक्षेप पुरुषांकडून येईल तो असा, की भिशीवाली पैसे घेऊन पळून गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. वाचतो. पण नऊ ग्लोव्ह, चार बेस आणि कॅचरचा मुखवटा घेऊन पळणारी बाई मूर्तिजापूरच्या पुढं जाईल असं वाटत नाही; त्या मुखवट्यासकट कुठलाही कंडक्टर तिला विसरणार नाही. दुसरा आक्षेप क्रिकेटवाल्यांचा: महिला प्रीमियर लीग २०२३ पासून सुरू आहे, मग पोरींना सरळ क्रिकेटच का शिकवू नये? जरूर शिकवावं. फक्त ज्या पटांगणावर आधीच चार क्रिकेटचे सामने एकमेकांच्या मिडऑफवर उभे आहेत, तिथे पाचव्यासाठी पोरींनी जागा मागून पाहावी. "ताई, हे शेवटची ओव्हर हाय," असं सांगितलं जातं आणि ती ओव्हर मावळतीपर्यंत चालते. सॉफ्टबॉलला कमी जागा पुरते. बेसपासून बेस साठ फूट, पिचर मोठ्या मुलींच्या सामन्यात त्रेचाळीस फुटांवर, लहान गटात त्याहून जवळ. शिवाय पिच नको, त्यामुळे त्यावर पाणी मारणारा पोरगा नको आणि त्याच्यावरून भांडण नको. चेंडू मात्र जपून. परीघ जवळजवळ तीस सेंटीमीटर आणि वजन क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जास्त, पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम. जुन्या शहरातल्या खिडक्यांची रुंदी पाहता पटांगणाच्या लगतच्या घरातल्या काकूंना आधीच संघ-व्यवस्थापक नेमून घेणं शहाणपणाचं.

तिसरा आक्षेप उन्हाचा, आणि तो गंभीर आहे, कारण अकोल्याचं ऊन हा थट्टेचा विषय नाही. मे २०२४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावलं होतं. दंगलीसाठी लागायचं ते. म्हणून तर मोसम दिवाळीनंतरचा आणि वेळ सकाळची. पण ऊन पुढं करणाऱ्याच्या मनात बहुधा तापमान नसतं. "कायी पडन ना पोट्टी," असं एक मावशी म्हणते. "उद्या पाह्याले येतीन लोकं, तवा काय सांगसान?" तीच मावशी त्याच पोरीला भर दुपारी बारा वाजता गच्चीवर वाळवणाची राखण करायला बसवते, तेव्हा सूर्य बहुधा दुसरा असतो. नाक मोडेल, दात पडेल, ही भीती मात्र खरी मानावी. त्यासाठी हेल्मेटला जाळी असते, पिचरला तोंडावर मुखवटा घालता येतो, आणि पहिल्या बेसला दोन रंगांचा जोडबेस असतो. पांढरा धरणारीचा, केशरी धावणारीचा, म्हणजे टक्कर नको. आपल्या कुठल्याही चौकापेक्षा ही वाहतूक व्यवस्था पुढारलेली आहे.

चौथा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि तो बापाचा असतो: "याच्यात पुढं काय हाय?" मार्क मिळतात का, नोकरीत बसतं का, ऑलिम्पिकमध्ये आहे का. उत्तर प्रामाणिकपणे द्यावं. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण ते अधिकृत स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर. दहा रविवारांच्या लीगमध्ये हरिहर पेठेला हरवल्याबद्दल शासन काही देत नाही. आणि ऑलिम्पिकबद्दल बोलायचं तर या खेळाचं नशीब म्हणजे किराणा दुकानातली उधारी: आज आहे, उद्या नाही. १९९६ साली अटलांटात घेतला. २००५ साली सिंगापूरच्या बैठकीत मतदान झालं; ठेवावा म्हणणारे बावन्न, काढावा म्हणणारे बावन्न आणि एक सदस्य तटस्थ. जगातल्या सगळ्या सॉफ्टबॉलपटू मुलींचं भवितव्य त्या एका गृहस्थाच्या संकोचावर गेलं. बीजिंगनंतर खेळ बाहेर. टोकियोला आत, पॅरिसला पुन्हा बाहेर, २०२८ ला लॉस एंजेलिसला पुन्हा आत. तेही सामने लॉस एंजेलिसला नाहीत, रस्त्यानं दोन हजार किलोमीटरवर ओक्लाहोमा सिटीला. असल्या ऑलिम्पिकच्या भरवशावर मुलीला खेळायला पाठवणाऱ्या बापापेक्षा, रविवारी घरातला टीव्ही आपल्या एकट्याच्या ताब्यात राहील म्हणून पाठवणारा बाप जास्त व्यवहारी म्हणायला हवा.

राहता राहिला प्रश्न पुरुषांचा. त्यांना लीगमधून अजिबात वगळावं असा एक जहाल विचार पुढं येऊ शकतो, पण तो टिकणार नाही. वगळलेला पुरुष पटांगणाच्या भिंतीवर बसून अंपायरिंग करतो आणि ते फुकटचं अंपायरिंग कुणालाच परवडत नाही. खरा अंपायर मिळणं तर सगळ्याच गावांत मुश्कील. त्याच्या वाट्याला शिव्या येतात, आणि या खेळात तो कॅचरच्या मागं वाकून उभा असल्यामुळे त्या जवळून येतात. तेव्हा भिंतीवरच्या प्रत्येकाला पाळीनं एक डाव मैदानात उभं करावं. लांबून स्पष्ट दिसणारा स्ट्राइक जवळून कसा दिसत नाही, हे एकदा कळलं की भिंत आपोआप रिकामी होते. लेख लिहिणाऱ्यांनाही हाच न्याय लावावा. कागदावर सहा संघांचं वेळापत्रक आखायला खुर्ची पुरते, आणि खुर्चीवरून कुणाची आई साडेसहाला उठते हे दिसत नाही. उरलेल्या मानी पुरुषांसाठी एक पद राखून ठेवावं. भिशीला त्याची गरज नाही, पण फलकावर बरं दिसतं. वही सांभाळणाऱ्या काकूंनीच तो विषय काढावा.

"भाऊ, तुमाले अध्यक्ष केलं बरं लीगचं."

"हाव का? काय करा लागते?"

"काही नाही. रविवारी साडेसहाले या. फक्कीचं पोतं घेऊन या, अन् तेवढ्या रेघा मारून द्या."

"अन् मंग?"

"मंग पोरी खेयतीन. तुमी बाजूले उभे राहा."